चालला की पडला?

मंडळी, चित्रपट आता कोणाला नवा राहिलेला नाही. पूर्वी जत्रेत तंबू ठोकून चित्रपट दाखवीत. आता शहरात थिएटरे आहेत, घरात टीव्ही आहे, आणि हातातल्या मोबाईलवरही चित्रपट दिसतो. चित्रपट आला की त्यावर बोलणे आलेच. आणि बोलणे निघाले की पहिला प्रश्न ठरलेला, "काय हो, चालला की पडला?"

प्रश्न साधा वाटतो. पण त्याच्या पोटात तीन निरनिराळे प्रश्न दडलेले आहेत. ते तीन प्रश्न वेगळे करायला आज आपण शिकू.

नाक्यावरचे बोलणे

ठाणे स्थानकाच्या पश्चिमेला उतरून बाजारपेठेतून चालू लागले की जांभळी नाका लागतो. तेथून थोडे पुढे टेंभी नाका. नवरात्रात येथे देवीचा मोठा उत्सव होतो. एरवीही नाका रिकामा नसतो. रिक्षावाले, फुलवाल्या, कोर्टकचेरीतले कारकून, दवाखान्यात आलेले खेड्यापाड्यांतले लोक, सगळे येथे चहाला थांबतात. समजा, २०२३ सालच्या जुलै महिन्यात अशीच चार माणसे चहाला उभी आहेत. 'बाईपण भारी देवा' हा मराठी चित्रपट नुकताच लागला आहे. त्यांचे बोलणे कसे होईल, ते ऐका.

कारकून म्हणतात, "मराठी चित्रपट आता कुठला चालतोय! मोठमोठे हिंदी चित्रपट पडायला लागलेत."

रिक्षावाले दादा म्हणतात, "तसं नाही साहेब. आमचा 'धर्मवीर' काय कमी चालला? हिट म्हणजे हिट!"

चहावाले काका म्हणतात, "पेपरात कोटींचे आकडे येतात. खरे किती, खोटे किती, देव जाणे."

फुलवाल्या मावशी इतका वेळ गप्प असतात. त्या म्हणतात, "अहो, तुमचे कोटी राहू द्या बाजूला. आम्ही सासू-सुना, लेकी मिळून चौघी जायचं म्हणतोय. सहा-आठशे रुपये जातील. जावं का नाही, तेवढं सांगा की!"

मंडळी, मावशींच्या प्रश्नाला त्यांच्यापैकी कोणीच उत्तर दिले नाही. जो तो आपल्याच प्रश्नाचे उत्तर देत होता. कारकून पैशाचे बोलत होते. दादा आपल्या आवडीचे बोलत होते. आणि मावशींना हवे होते, चित्रपट आपल्याजोगा आहे का, ते.

पहिला प्रश्न : पैसे सुटले का?

'चित्रपट चालला' याचा धंद्यातला अर्थ असा, की घातलेले पैसे वसूल होऊन वर काही उरले. 'पडला' म्हणजे घातलेले पैसेही आले नाहीत.

शेतकऱ्याला हे सांगायला नको. कापूस दोन लाखांचा विकला, एवढ्यावर तो खूश होत नाही. बियाणे, खत, फवारणी, वेचणीची मजुरी, गाडीभाडे वजा करतो, आणि मग हाती काय राहिले ते पाहतो. चित्रपटाचेही तसेच आहे. तिकीटबारीवर जमलेल्या सगळ्या पैशांना गल्ला म्हणतात. त्यातून सरकारचा कर जातो. थिएटरवाल्याचा वाटा जातो. वितरकाचा, म्हणजे गावोगाव चित्रपट पोहोचवणाऱ्याचा वाटा जातो. उरेल ते निर्मात्याचे. टीव्हीवर आणि मोबाईलवर दाखवण्याचे हक्क विकून त्याला आणखी काही मिळते, ते वेगळे.

समजुतीसाठी एक हिशेब करू. एका चित्रपटाला खर्च आला २ कोटी. गल्ला जमला १० कोटी. सगळ्यांचे वाटे जाऊन निर्मात्याच्या हाती आले ४ कोटी. हा चित्रपट चालला. दुसऱ्याला खर्च आला ४० कोटी. गल्ला जमला ५० कोटी. हाती आले २० कोटी. हा पडला! पन्नासाचा आकडा दहाच्या पाचपट मोठा आहे. तरीही तोच पडला. म्हणून पेपरात 'इतके कोटी' असे वाचले, की लगेच विचारावे, हे कोटी कशाचे? गल्ल्याचे की नफ्याचे? आणि खर्च किती होता? जाहिरातीत मोठा आकडा छापतात, खर्चाचा आकडा बहुधा छापीत नाहीत.

आता खरी उदाहरणे पहा. राज कपूर यांनी 'मेरा नाम जोकर' हा चित्रपट काढला. तो १९७० साली लागला. त्यात मोठमोठे नट होते. चित्रपट चार तासांचा, त्यात दोन मध्यंतरे. वर्षानुवर्षे खपून, कर्ज काढून तो केला होता. लोकांनी तो पाहिला नाही. राज कपूर कर्जात बुडाले. पुढे १९७३ साली त्यांनी 'बॉबी' काढला. नायक म्हणून त्यांचा मुलगा ऋषी कपूर, नायिका डिंपल कपाडिया. दोघेही कोवळ्या वयाचे, नायक-नायिका म्हणून दोघांचाही पहिलाच चित्रपट. तो मात्र धो धो चालला. माणूस तोच, अक्कल तीच, कष्टही तेच. एक पडला, एक चालला.

आपल्या नागराज मंजुळे यांचा 'सैराट' २०१६ सालच्या एप्रिलअखेर लागला. रिंकू राजगुरू आणि आकाश ठोसर ही सोलापूर-पुण्याकडची नवखी पोरे. त्यांना आधी कोण ओळखत होते? पण गावोगाव गर्दी लोटली. मराठी चित्रपटाच्या बाबतीत शंभर कोटींची भाषा प्रथम याच चित्रपटामुळे कानावर आली.

दुसरा प्रश्न : कोणाला आवडला?

रिक्षावाल्या दादांकडे वळू. 'धर्मवीर' हा चित्रपट १३ मे २०२२ रोजी लागला. प्रवीण तरडे यांनी तो दिग्दर्शित केला. प्रसाद ओक यांनी आनंद दिघे यांचे काम केले. दिघे हे ठाण्यातले शिवसेनेचे पुढारी. २००१ साली ते वारले. त्यांचा आनंद आश्रम याच टेंभी नाक्यावर आहे. नवरात्राचा उत्सवही त्यांनीच येथे सुरू केला. चित्रपटाच्या नावातच 'मुक्काम पोस्ट ठाणे' असे आहे.

मग टेंभी नाक्यावरच्या माणसाला तो परका कसा वाटेल? आपला रस्ता, आपली देवी, आपण पाहिलेला माणूस पडद्यावर दिसला, की ऊर भरून येतो. यात वाईट काही नाही. पण आपला नाका म्हणजे सारा महाराष्ट्र नव्हे. 'आमच्याकडे सगळ्यांनी पाहिला' याचा अर्थ 'सगळीकडे सगळ्यांनी पाहिला' असा करू नये. ही चूक चित्रपटात होते, निवडणुकीत होते, बाजारभावातही होते.

अनपेक्षित यशाचे एक कारण येथेच सापडते. ज्यांच्यासाठी कोणी चित्रपट काढीत नाही, अशी माणसे खूप असतात. त्यांच्यासाठी कोणी काढला, की ती घराबाहेर पडतात. १९७५ साली 'जय संतोषी माँ' हा थोड्या पैशांत केलेला चित्रपट आला. त्यात नावाजलेले मोठे नट नव्हते. पण बायका पोराबाळांना घेऊन आल्या. कित्येकांनी थिएटरात शिरताना पायताणे बाहेर काढली. पडद्यावर देवी दिसली की फुले आणि नाणी उधळली. धंद्यातल्या जाणत्यांना हे आधी दिसले नव्हते. १९९१ सालच्या 'माहेरची साडी'चेही तसेच. अलका कुबल यांनी केलेली ती सोशिक लेक पाहून बायका पदर डोळ्यांना लावून बाहेर पडत, आणि शेजारणीला घेऊन पुन्हा जात.

मावशी ज्याविषयी विचारीत होत्या, तो 'बाईपण भारी देवा' ३० जून २०२३ रोजी लागला. केदार शिंदे त्याचे दिग्दर्शक. सहा बहिणी आणि मंगळागौरीची स्पर्धा, एवढीच गोष्ट. पण बायका घोळक्याने निघाल्या. नटूनथटून, साड्या नेसून, मैत्रिणी-मैत्रिणी मिळून गेल्या. कारकून म्हणत होते, मराठी चालत नाही. त्याच वेळी थिएटरे बायकांनी भरत होती!

कधी कधी चित्रपट लोकांपर्यंत पोहोचतच नाही. मग तो आवडला की नाही, हे कळणार कसे? १९७१ साली दादा कोंडके यांचा 'सोंगाड्या' मुंबईत दादरच्या कोहिनूर थिएटरात लागायचा होता. पण तेथे देव आनंद यांचा हिंदी चित्रपट लावायचे चालले होते. दादांनी बाळासाहेब ठाकरे यांच्याकडे गाऱ्हाणे नेले. शिवसैनिक थिएटरापुढे जमले. 'सोंगाड्या' लागला, आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला. पुढे दादांच्या नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव केला, म्हणजे ते पंचवीस पंचवीस आठवडे चालले. त्या वेळी थिएटरच मिळाले नसते, तर लोक काय म्हणाले असते? 'पडला' असेच ना? पेरणीच झाली नाही, आणि पीक आले नाही म्हणून रान वाईट ठरवायचे, असा तो प्रकार.

तिसरा प्रश्न : चांगला आहे का?

हा प्रश्न सगळ्यांत अवघड. याचे उत्तर तिकीटबारीवर मिळत नाही.

गुरुदत्त यांचा 'कागज के फूल' १९५९ साली आला आणि साफ पडला. त्यानंतर गुरुदत्त यांनी दिग्दर्शक म्हणून आपले नाव कोणत्याही चित्रपटाला लावले नाही. १९६४ साली ते वारले. आज तोच चित्रपट देशोदेशीचे जाणकार आवर्जून पाहतात आणि नव्या पोरांना शिकवतात. पण ते पाहायला गुरुदत्त कोठे आहेत? 'पडला' हा तीन अक्षरी शब्द आपण चहाच्या घोटाबरोबर सहज बोलतो. ज्याचा चित्रपट असतो, त्याच्या घरावरून नांगर फिरलेला असतो.

आपल्या देशातला पहिला मोठा कथापट काढणारे दादासाहेब फाळके हे त्र्यंबकेश्वरचे. त्यांनी विम्यावर कर्ज काढले आणि शिकायला विलायतेला गेले. परत येऊन 'राजा हरिश्चंद्र' केला. सरस्वतीबाईंनी स्वयंपाकघर सांभाळून त्या कामात हात दिला. ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरात तो लोकांपुढे आला. तो पडला असता, तर ते घर उघड्यावर आले असते. लोकांनी तो पाहिला, म्हणून पुढचे सगळे घडले.

घाईने निकाल देऊ नये, याचे मोठे उदाहरण म्हणजे 'शोले'. १५ ऑगस्ट १९७५ रोजी तो लागला. पहिल्या दिवसांत पेपरांनी नावे ठेवली, गर्दीही बेताची होती. 'पडला' अशी बोलवा झाली. पण ज्यांनी पाहिला, ते घरी जाऊन बोलू लागले. एकाने दुसऱ्याला सांगितले, दुसऱ्याने दहांना. पुढे मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरात तो पाच वर्षे चालला. जाहिरात एकदा थिएटरापर्यंत आणते. पुढे नेते ती शेजाऱ्याची जीभ.

मग आपण काय करावे?

आम्ही चाळीस वर्षे शाळेत मुलांना एकच सांगत आलो, आधी प्रश्न नीट वाच, मग उत्तर लिही. येथेही तेच सांगतो.

'चालला का?' असे विचारले, तर पैशाचे बोला. खर्च आणि हाती आलेली रक्कम, दोन्ही माहीत असतील तरच बोला. नुसत्या गल्ल्यावर जाऊ नका.

'आवडला का?' असे विचारले, तर स्वतःचे सांगा. लोक काय म्हणतात ते नको. मला हे आवडले, हे आवडले नाही, असे सरळ सांगा.

'जावे का?' असे विचारले, तर विचारणारा कोण ते पहा. मावशींना चौघींचे पैसे मोडायचे आहेत. तो त्यांचा दिवसभराचा घाम आहे. त्यांनी अशा बाईला विचारावे, जिने चित्रपट स्वतः पाहिला आहे, आणि जिची आवड आपल्यासारखी आहे. अशा एका शेजारणीचा शब्द पेपरातल्या शंभर कोटींपेक्षा मोलाचा.

आणि शेवटचे. न पाहता 'पडला' म्हणू नका. तुमचा शब्द लहान नाही. असे लहान लहान शब्द मिळूनच चित्रपट चालतो, किंवा पडतो.

प्रश्न

१. 'चालला की पडला?' या प्रश्नात कोणते तीन प्रश्न दडले आहेत?

२. एका चित्रपटाला खर्च ३ कोटी, गल्ला १२ कोटी, निर्मात्याच्या हाती ५ कोटी. दुसऱ्याला खर्च ६० कोटी, गल्ला ८० कोटी, हाती ३२ कोटी. कोणता चालला? किती उरले? कोणता पडला? किती बुडाले?

३. 'शोले' आधी पडला असे लोक म्हणाले. मग तो कसा चालला?

४. तुम्ही पाहिलेल्या एका चित्रपटाविषयी पाच ओळी लिहा. तो किती चालला ते लिहू नका. तुम्हाला काय आवडले, तेवढेच लिहा. लिहिलेले वर्गात मोठ्याने वाचून दाखवा.