मोटारीचें चाक बदलणें : मालकानें स्वतः शिकण्याची विद्या

बैलगाडीचें चाक कुरकुरूं लागलें म्हणजे वंगण कमी झालें, आणि धाव सैल झाली म्हणजे ती लोहाराकडे न्यावयाची, हें ज्याच्या दारीं गाडी आहे त्यास कोणी सांगावें लागत नाहीं. आतां आमच्यापैकीं पुष्कळांच्या दारीं मोटार आली आहे. परंतु तिच्या बाबतींत आम्ही अगदीं परावलंबी आहों. चालविणें आणि इंधन भरणें एवढ्यावर आमची विद्या संपते. हें परावलंबन किती महागांत पडतें, याचा अनुभव आम्हीं स्वतः घेतला असल्यामुळें तो प्रथम सांगून मग मुख्य विषयाकडे वळतों.

गतवर्षीं मार्गशीर्षांत एके रात्रीं आमच्या मातोश्रींस अकस्मात् दम लागूं लागला. त्यांस मोटारींत घालून आम्ही तालुक्याच्या गांवीं निघालों. अर्ध्या वाटेवर पुढील डाव्या चाकांतील हवा गेली. फोन केला, परंतु मदतीस निघालेल्यांस येण्यास तासाहून अधिक वेळ लागणार होता. स्टेपनी बाहेर काढली, तों तींत हवा निमीच. पाना लावला, तों एकहि नट हालेना. कारण पंधरा दिवसांपूर्वीं टायरच्या एका दुकानांत ते हवेच्या यंत्रानें आवळले होते, आणि मोटारीबरोबर मिळालेल्या पान्याचा दांडा जेमतेम वीतभर लांब. इतक्यांत उसाच्या टायरगाड्यांची रांग आली. पहिल्या गाडीवानानें आपल्या गाडीखालचा दोन हात लांबीचा लोखंडी पाईप काढून पान्याच्या दांड्यावर चढविला, आणि नट एकामागून एक सुटले. आम्ही दवाखान्यांत पोंचलों तेव्हां दीड तास वायां गेला होता. मातोश्री आज आमच्यांत आहेत. परंतु तो दीड तास आम्ही विसरलों नाहीं. गाडीवानास स्वतःचें वाहन ठाऊक होतें, आम्हांस आमचें ठाऊक नव्हतें, एवढाच दोघांतील फरक.

थोडा पूर्वेतिहास

हवा भरलेल्या टायरचें पेटंट रॉबर्ट थॉम्सन यानें सन १८४५ मध्यें घेतलें होतें; परंतु तें मागें पडलें. पुढें सन १८८८ मध्यें जॉन डनलॉप यानें तीच कल्पना स्वतंत्रपणें काढून प्रचारांत आणली. आरंभीच्या मोटारींस जादा चाक नसे. हवा गेली म्हणजे रस्त्यांतच बसून ट्यूब दुरुस्त करावी लागे. सन १९०४ मध्यें वेल्स प्रांतांतील लानेली या गांवीं टॉमस मॉरिस डेव्हिस यानें आरे नसलेली, हवा भरलेला टायर बसविलेली एक कडी तयार केली. ती हवा गेलेल्या चाकास अडकवून पुढें जातां येई. कारखाना ज्या स्टेपनी रस्त्यावर होता त्याचें नांव त्या कडीस मिळालें, आणि आज आपल्या खेडोपाडींहि जादा चाकास स्टेपनी म्हणतात तें यावरूनच.

जवळ ठेवावयाचें साहित्य

जॅक, नटांचा पाना, पान्याच्या दांड्यावर बसेल असा दोन-अडीच फूट लांबीचा लोखंडी पाईप, हातभर लांबीची जाड फळी, दोन विटा, विजेरी, हवेचा दाब मोजण्याचें मापक आणि इशाऱ्याचा तांबडा त्रिकोण. कांहीं मोटारींच्या चाकांस चोरी होऊं नये म्हणून एक निराळा नट असतो, व त्याची टोपीवजा किल्ली वेगळी मिळते. ती किल्ली घरीं राहिली तर बाकीचें सर्व साहित्य व्यर्थ आहे.

कृति

१. हवा गेल्याचें कळतांच वेग हळूहळू कमी करावा व कठीण, सपाट जागीं, रहदारीपासून दूर थांबावें. वळणावर थांबूं नये. अशा चाकावर फार अंतर चालविल्यास टायर निकामी होतो. तरी धोक्याच्या जागीं थांबण्यापेक्षां टायर गेलेला बरा.

२. हातब्रेक ओढावा, मोटार पहिल्या गिअरमध्यें ठेवावी, सर्वांस खालीं उतरवावें. इशाऱ्याचे दिवे लावून त्रिकोण मागें सुमारें पन्नास पावलांवर ठेवावा. जें चाक काढावयाचें त्याच्या समोरासमोर तिरप्या कोपऱ्यांतील चाकास दोहों बाजूंनीं विटा लावाव्या.

३. चाक जमिनीवर असतांनाच सर्व नट अर्धा-एक फेरा सैल करावे. पुष्कळजण आधीं मोटार उचलतात व मग जोर करतात. त्यामुळें चाक फिरतें आणि मोटार जॅकवरून घसरण्याचा संभव असतो. नट घड्याळाच्या कांट्यांच्या उलट दिशेनें सुटतात. न सुटल्यास पाईप चढवावा. मात्र पाईप सोडविण्यासाठींच आहे, आवळण्यासाठीं नव्हे.

४. जॅक कोठें लावावयाचा ती जागा चाकाजवळ दाराखालील कडेस खांचेनें दाखविलेली असते. इतरत्र लावल्यास पत्रा दबतो. काळ्या, ओलसर जमिनींत जॅक रुततो, म्हणून त्याखालीं फळी घालावी. मोटार थोडी उचलतांच स्टेपनी आडवी करून तिच्या पोटाखालीं सरकवावी. जॅक निसटला तरी मोटार तिच्यावर बसेल. जॅकवरील मोटारीखालीं हात अगर डोकें घालूं नये.

५. चाक जमिनीपासून तीन-चार बोटें वर येईपर्यंत उचलावें, कारण भरलेल्या चाकास अधिक जागा लागते. नट काढून एका फडक्यांत ठेवावे. गंजानें चाक चिकटलें असल्यास मोटार पुन्हां टेकवून, दोन नट सैल बसवून, ती हातभर पुढें-मागें ढकलावी. चाक काढल्यावर स्टेपनी बाहेर घेऊन तें तिच्या जागीं मोटारीखालीं ठेवावें.

६. स्टेपनी बसवून सर्व नट हातानें फिरवावे. नटाची निमुळती बाजू चाकाकडे असावी. नंतर एक नट, मग त्याच्या समोरचा, अशा क्रमानें आवळावे. ओळीनें आवळल्यास चाक तिरपें बसतें. आट्यांस तेल लावूं नये.

७. खालचें चाक काढून घेऊन मोटार खालीं टेकवावी व त्याच क्रमानें नट पुरते आवळावे. पान्यावर उभें राहूं नये. पन्नास ते शंभर किलोमीटर चालल्यावर पुन्हां तपासावे. पंक्चर झालेलें चाक त्याच दिवशीं दुरुस्त करावें. "उद्यां पाहूं" म्हणून ठेवलेलें चाकच पुढें दगा देतें.

नव्या मोटारींतील अडचणी

हल्लींच्या ट्यूबलेस टायरांत खिळा किंवा बाभळीचा कांटा रुतला तरी हवा एकदम जात नाहीं. अशा वेळीं तो उपटूं नये. हवा पाहून सावकाश दुकान गांठावें. कांहीं मोटारींस बारीक चाकाची तात्पुरती स्टेपनी देतात. तिच्यावर लिहिलेली वेगमर्यादा, जी बहुधा ताशीं ८० किलोमीटर असते, ओलांडूं नये. सन २०२० मध्यें केंद्र सरकारनें नियमांत बदल केला. त्यान्वयें ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखविणारें यंत्र व दुरुस्तीचें साहित्य असलेल्या लहान प्रवासी मोटारींस स्टेपनी नसली तरी चालते. हें साहित्य बारीक छिद्रास पुरतें. टायर बाजूनें फाटला तर त्याचा उपयोग नाहीं. आडरानांत राहणाऱ्यानें मोटार घेतांनाच स्टेपनी आहे कीं नाहीं, हें मागील झांकण उघडून पाहावें.

दुसरी अडचण डिझेलच्या मोटारींची. सन २०२० पासून लागू झालेल्या धुराच्या नियमांमुळें त्यांच्या धूरमार्गांत काजळीची गाळणी असते. ती पुरेशी तापली म्हणजे काजळी जळून साफ होते, आणि त्यासाठीं मोटार कांहीं वेळ सलग वेगानें चालावी लागते. घर ते मळा अशा दोन-दोन किलोमीटरांच्या फेऱ्याच होत असल्यास ती तुंबते, दिवा लागतो, आणि दुर्लक्ष केल्यास खर्च मोठा येतो. दिवा लागतांच माहितीपुस्तकांत सांगितल्याप्रमाणें मोटार सडकेवर सलग चालवून आणावी. उसाच्या खेपा पाहण्यास जाण्यासाठीं दुचाकी पुरत असेल तर मोटार काढूंच नये.

तिसरी अडचण अशी कीं, दिवा लागला कीं तो कां लागला हें संगणकाखेरीज कळत नाहीं, आणि गांवच्या मिस्त्रीस तें गूढ राहतें. स्टिअरिंगच्या खालच्या अंगास असलेल्या खांचेंत बसणारें एक लहान वाचक-यंत्र बाजारांत मिळतें; पांच-दहा शेतकऱ्यांनीं मिळून एक घेतलें तरी दोष कोठें आहे याचा अदमास लागतो व लुबाडणूक टळते. हा प्रश्न आमच्या एकट्याचा नाहीं. अमेरिकेंतील कोलोरॅडो राज्यानें सन २०२३ मध्यें शेतीचीं यंत्रें शेतकऱ्यास स्वतः दुरुस्त करतां यावीं असा कायदा केला. आपल्याकडेहि केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानें सन २०२२ मध्यें दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यास समिति नेमली, व तींत शेतीचीं अवजारें आणि मोटारी या दोहोंचा समावेश केला. ट्रॅक्टर घेतांना दुरुस्तीचें पुस्तक व सुट्या भागांची यादी मागण्याची संवय आम्हीं आतांपासून लावून घेतली पाहिजे.

उपसंहार

मोटारींतील सर्व यंत्रणा आम्हांस समजेल असें नाहीं. परंतु चाक आजहि आमच्या हातचें आहे. म्हणून आमची वाचकांस सूचना अशी कीं, येत्या सुटीच्या दिवशीं सकाळीं, अंगणांत, मुलांस व मुलींस जवळ घेऊन, एक चाक स्वतः काढून पुन्हां बसवून पाहावें. नट सुटतात कीं नाहीं, पाईप बसतो कीं नाहीं, जॅकची जागा कोठें आहे, हें सर्व दिवसाउजेडीं समजेल. चारहि चाकांतील हवा दर पंधरवड्यास, सकाळीं टायर थंड असतांना, चालकाच्या दाराजवळ लिहिलेल्या आंकड्याप्रमाणें पाहावी, आणि त्याच वेळीं पांचव्या चाकाचीहि पाहावी. दुकानांत चाक बसविलें म्हणजे घरीं येऊन नट आपल्या पान्यानें सोडवून, पुन्हां बेताचे आवळून घ्यावे. या सर्वांस अर्ध्या तासाहून अधिक लागत नाहीं. आणि तो अर्धा तास कोणत्या रात्रीं कोणाच्या उपयोगीं पडेल हें आधीं सांगतां येत नाहीं.