हिरव्या खुणेवर विसंबू नकोस

अगं, विंडोज सर्व्हरवर पहिल्यांदाच एनएलबी क्लस्टर उभारायचंय ना तुला? विझार्डची धास्ती घेऊ नकोस, तो चुटकीसरशी उरकतो. खरा विचार करायचा तो त्याच्याआधी.

आधी मोड ठरव. युनिकास्टमध्ये सगळ्या सर्व्हरना ०२-बीएफने सुरू होणारा एकच मॅक अ‍ॅड्रेस मिळतो. तो कुठल्या पोर्टवर आहे हे स्विचला कळूच द्यायचं नसतं, म्हणून क्लस्टरकडे येणारं पॅकेट स्विच सगळ्या पोर्टांवर सोडतो. तेव्हा स्वतंत्र व्हीलॅन मागून घे, संकोच करू नकोस. हायपर-व्हीवर मशिनं असतील तर मॅक अ‍ॅड्रेस स्पूफिंग चालू कर. मल्टिकास्ट घेणार असशील तर राउटरवर स्टॅटिक एआरपीची नोंद लागू शकते. नेटवर्कवाल्यांना आधीच गाठ.

मग अ‍ॅफिनिटी. सेशन सर्व्हरच्या मेमरीत राहत असेल तर ‘सिंगल’च ठेव. ‘नन’ ठेवलंस तर गिऱ्हाइकाचं पुढचं कनेक्शन दुसऱ्या सर्व्हरवर जाईल आणि भरलेली कार्ट त्याला रिकामी दिसेल. मात्र ‘सिंगल’मध्ये एका आयपीमागचं अख्खं ऑफिस एकाच सर्व्हरवर जातं, हेही ध्यानात ठेव.

आता सगळ्यात महत्त्वाचं. क्लस्टरमधले सर्व्हर दर सेकंदाला एकमेकांना हार्टबीट पाठवतात. एखाद्याचे सलग ५ चुकले की बाकीचे त्याला वगळून काम वाटून घेतात. पण एनएलबी पाहतं ते मशीन जिवंत आहे का, एवढंच. आयआयएसचा अ‍ॅप पूल बंद पडला तरी मशीन जिवंतच असतं! मॅनेजरमध्ये हिरवं ‘कन्व्हर्ज्ड’ दिसत राहतं आणि त्या सर्व्हरच्या वाट्याला आलेल्या लोकांना ५०३ मिळत राहतो. म्हणून प्रत्येक सर्व्हरवर स्वतःचंच एक पान सतत तपासणारी छोटी स्क्रिप्ट ठेव. उत्तर आलं नाही की तिनं त्या सर्व्हरला क्लस्टरमधून बाहेर काढायचं.

साइट लोकांसाठी उघडण्याआधी दोन चाचण्या स्वतःच्या हाताने कर. एकदा नेटवर्कची केबल काढून बघ, एकदा नुसता अ‍ॅप पूल थांबवून बघ. पहिली बहुतेक जण करतात, दुसरी राहून जाते.

दोन्ही पार पडल्या की पॅच टाकायला मध्यरात्रीपर्यंत जागू नकोस. एका सर्व्हरला ड्रेनस्टॉप दे, चालू कनेक्शनं संपू दे, आणि दिवसाउजेडी काम उरकून वेळेवर घरी जा.