मैफल जशीच्या तशी

बडोद्यातील समा भागात राहावयास येऊन मला बरीच वर्षे झाली. पण शिक्षण बेळगावचे, त्यामुळे या अंकासाठी लेख मागितला गेला तेव्हा नाही म्हणवेना. विषय संगणकाचा असला तरी त्याची सुरुवात गाण्यातच आहे.

बडोदे आणि आपला मराठी-कानडी मुलूख यांचे गाण्याचे नाते जुने आहे. अब्दुल करीम खाँ काही काळ बडोदे दरबारी होते. पुढे ते मिरजेस राहिले. त्यांचे शिष्य कुंदगोळचे सवाई गंधर्व, आणि सवाई गंधर्वांचे शिष्य गदगचे भीमसेन जोशी. बडोदे दरबारचे फैयाज खाँ १९५० साली इथेच वारले. या गवयांच्या जुन्या तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटे मावत. तासाभराचा ख्याल तीत बसावा कसा? म्हणून पुढे ज्या हौशी लोकांनी टेपरेकॉर्डर लावून बैठकी धरून ठेवल्या, त्यांचे मोल मोठे.

आमच्या मामांची एक घरगुती बैठक अशीच दोन कॅसेटींवर होती. मामा नावाजलेले गवई नव्हेत, पण पूरिया मनापासून गात. पहिली कॅसेट माझ्याकडे आली. २००६ साली मी ती संगणकावर घेतली आणि जागा वाचावी म्हणून ६४ किलोबिटची एमपीथ्री करून ठेवली. कॅसेटला बुरशी आली होती. काम झाले असे समजून ती मी भंगारात दिली. पुढे चांगल्या स्पीकरवर ऐकले, तेव्हा तंबोऱ्याची जवारी पार विरून गेलेली आणि ताना पाण्याखालून आल्यासारख्या! दोष सर्वस्वी माझा.

असे का झाले? सीडीसाठी आवाजाची मोजणी सेकंदास ४४,१०० वेळा होते. प्रत्येक मोजणी १६ बिटांची, आणि डावा-उजवा असे दोन मार्ग. गुणाकार केला तर सेकंदास १४,११,२०० बिट, म्हणजे मिनिटास एक कोटीहून अधिक बाइट होतात. एमपीथ्री यातला, कानाला जाणवणार नाही असे तिला वाटणारा, भाग कापून टाकते. थोडे कापले तर खरोखरच जाणवत नाही. मी मात्र फार कापले होते. फ्लॅक ही पद्धत (पहिली पक्की आवृत्ती २००१) कापत नाही, घडी घालते. फळ्यावर १००, १०३, १०६, १०९ असे आकडे लिहिले तर पुढचा ११२ असावा, असा तुम्ही अंदाज कराल. प्रत्यक्षात ११३ निघाला, तर फ्लॅक फक्त चुकलेला १ लिहून ठेवते. लहान आकड्यांना जागा कमी लागते, आणि उलगडताना तोच अंदाज करून चूक मिळवली की मूळ आकडा तंतोतंत परत येतो. फाइल बहुधा निम्म्या ते दोन-तृतीयांश आकाराची होते. मात्र एमपीथ्रीची फ्लॅक केल्याने गेलेले परत येत नाही. मी तेही करून पाहिले!

दुसरी कॅसेट सुदैवाने बेळगावात दादाच्या कपाटात होती. त्याने ती फ्लॅकमध्ये घेऊन मला पाठवली, कारण सीडी लिहिण्याचे यंत्र हल्लीच्या लॅपटॉपात नसते आणि माझ्या जुन्या संगणकात आहे. उतरवून घेतलेली फाइल ऐकण्याआधी तपासावी. दादाने सोबत बत्तीस अक्षरांचा एमडी५ अंक पाठवला होता. माझ्याकडील फाइलचा अंक काढला तो निराळाच आला. फाइल शेवटाशी तुटली होती. पुन्हा उतरवल्यावर अंक जुळला. ऐकायला व्हीएलसी पुरते.

सीडी लिहिताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागल्या. फ्लॅक फाइल नुसती तबकडीवर उतरवली तर मामींचा जुना प्लेअर ती वाचणार नाही. ‘ऑडिओ सीडी’ असाच पर्याय घ्यावा. आणि विलंबित, द्रुत असे तुकडे पाडले असतील तर सगळी तबकडी सलग, ‘डिस्क अॅट वन्स’ने लिहावी; एरवी तुकड्यांमध्ये दोन सेकंदांची शांतता येते, आणि समेवर येता येता गाणे तुटते. शिवाय सीडी सेकंदाचे ७५ भाग करते, प्रत्येकात ५८८ मोजण्या. तुकडा या पटीत संपला नाही तर उरलेली जागा शून्यांनी भरली जाते आणि तिथे ‘टक्’ ऐकू येतो. चांगल्या प्रणालीत यासाठी सोय असते. नव्वद मिनिटांची कॅसेट ऐंशी मिनिटांच्या तबकडीत मावत नाही, म्हणून एकेका बाजूची एकेक सीडी केली. मूळ फ्लॅक दोन ठिकाणी वेगळी ठेवली, कारण बडोद्याच्या उन्हाळ्यात लिहिलेल्या सीडीवर फार विसंबू नये.

हे घरचे गाणे, घरच्यांच्या संमतीने. इतरांच्या मैफलींचे तसे नाही. आपल्या कायद्यात गायकाचा हक्क पन्नास वर्षे आणि ध्वनिमुद्रणाचा साठ वर्षे राहतो. अमेरिकेत ग्रेटफुल डेडसारख्या काही वाद्यवृंदांनी श्रोत्यांना ध्वनिमुद्रणाची मुभा दिली, म्हणून त्यांचे हजारो कार्यक्रम इंटरनेट आर्काइव्हवर राहिले. आपल्याकडे विचारून घ्यावे हे बरे.

सीड्या पोचल्यावर मामींचा फोन आला. द्रुतच्या मध्ये स्वयंपाकघरात भांडे पडल्याचा आवाज आहे, तो त्यांच्याच हातचा, असे त्या हसत सांगत होत्या. मग म्हणाल्या, “आणि पहिली कॅसेट गं? त्यात ते बोलले होते थोडं, गाण्याआधी.” माझ्याकडची एमपीथ्री मी तशीच, काही न करता, त्यांना पाठवली.