नाक्यावर अडलेला लॅपटॉप

पुणे-दौंड लोहमार्गावर यवत आणि केडगावच्या मधे आमचं खुटबाव. सकाळच्या गाडीला फलाटावर उभं राहिलं की पाठीवर लॅपटॉपची बॅग घेतलेली पोरं-पोरी दिसतात. कुणी हिंजवडीला जातं, कुणी हडपसरला. मी मात्र घरातूनच काम करते. आसपासच्या खतवाल्यांची, हार्डवेअरवाल्यांची, ट्रॅक्टरचे सुटे भाग विकणाऱ्यांची जीएसटी विवरणपत्रं भरून देते. या धंद्यात २० तारखेला फार मान आहे. मासिक थ्री-बी विवरणपत्र त्या रात्री बारापर्यंत गेलं नाही तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क, आणि भरायच्या राहिलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज. माझ्या भरवशावर असलेल्या दुकानदाराला तो भुर्दंड पडू नये म्हणून जे शिकले ते इथे लिहिते आहे. बाहेरगावी लॅपटॉप नेणाऱ्या प्रत्येकाच्या ते उपयोगाचं आहे.

नात्यातल्या एका लग्नासाठी सोलापुरात एका लॉजवर उतरलो होतो. तारीख २०. एका दुकानदाराची खरेदीची बिलं संध्याकाळी हातात आली, त्यामुळे त्याचं काम तिथूनच करणं भाग होतं. लॅपटॉपने लॉजचं वाय-फाय पकडलं, पासवर्ड घेतला, सगळ्या दांड्या भरल्या आणि खाली ओळ आली : ‘नो इंटरनेट, सिक्युअर्ड’. पुन्हा जोडलं, लॅपटॉप बंद करून चालू केला. तेच. काउंटरवर गेले तर तिथले दादा म्हणाले, “बाकी सगळ्यांचं चालतंय की ओ मॅडम.” मला वाटलं, हात झटकताहेत.

खोलीत मोबाइलची रेंज जेमतेम होती. शेवटी लॅपटॉप घेऊन गच्चीवर गेले, फोनचा हॉटस्पॉट लावला आणि पोर्टल लगेच उघडलं. गच्चीवर प्लग नाही, बॅटरी उतरत चाललेली. दुकानदारकाकांना फोन करून झोपेतून उठवलं, त्यांच्या मोबाइलवर आलेला ओटीपी विचारला आणि विवरणपत्र दाखल केलं. इथेच पहिला सल्ला देते. मुदत डोक्यावर असताना बिघाड शोधत बसू नका. दुसऱ्या वाटेने काम उरका, शोध सकाळी घ्या. घाईत माणूस सेटिंगची दहा बटणं दाबतो आणि मूळ दोष कुठे होता हे मग त्यालाही सापडत नाही.

सकाळी तोच फोन लॉजच्या वाय-फायला जोडून पाहिला. फोनवर लगेच एक पान उघडलं. नाव, खोली क्रमांक आणि मोबाइल नंबर टाका, ओटीपी येईल. टाकला, आणि नेट सुरू. म्हणजे काउंटरवरचे दादा खरं बोलत होते. लॉजचं नेट ठीक होतं, लॅपटॉपला ते पान दिसतच नव्हतं.

आपल्याकडच्या हॉटेलचं, स्टेशनचं, विमानतळाचं वाय-फाय पाटसच्या टोलनाक्यासारखं असतं. गाडी हायवेवर असते, पण नाक्यावरचं काम झाल्याशिवाय दांडा वर होत नाही. वाय-फायच्या दांड्या भरल्या याचा अर्थ एवढाच की लॅपटॉप जवळच्या यंत्रापर्यंत पोचला आहे. पुढे जाण्याआधी ते यंत्र आपली ओळख मागतं.

ही ओळख मागण्यामागे आपल्या राज्याशी जोडलेली एक घटना आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी धमकीचा ई-मेल आला होता. तो नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वाय-फायवरून गेल्याचं तपासात निघालं, आणि त्या घरात राहणाऱ्याला विनाकारण चौकशीला तोंड द्यावं लागलं. त्यानंतर २००९ मध्ये दूरसंचार विभागाने सूचना काढल्या : सार्वजनिक वाय-फाय देणाऱ्याने वापरणाऱ्याची ओळख नोंदवायची, एकतर ओळखपत्राची प्रत घेऊन किंवा मोबाइलवर पासवर्ड पाठवून. २०१६ मध्ये रेल्वेची कंपनी रेलटेल आणि गुगलने मुंबई सेंट्रलपासून स्टेशनांवर फुकट वाय-फाय सुरू केलं, तेव्हाही ओटीपी होताच. गुगल पुढे त्यातून बाहेर पडलं, रेलटेलची सेवा चालू राहिली. तिथेही नंबर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

आता लॅपटॉपला नाका कसा कळतो ते बघा, कारण सगळी गोम तिथे आहे. वाय-फाय जोडल्याबरोबर विंडोज मायक्रोसॉफ्टच्या एका ठरलेल्या पत्त्यावरून इवलीशी फाइल मागवतं. तिच्यात ‘मायक्रोसॉफ्ट कनेक्ट टेस्ट’ एवढेच शब्द असतात. ॲपलची यंत्रं आणि अँड्रॉइड फोनही आपापल्या पत्त्यावर अशीच चाचपणी करतात. अपेक्षित उत्तर आलं तर नेट चालू आहे. भलतंच उत्तर आलं तर मधे नाका आहे, म्हणून नोंदणीचं पान उघडायचं. आणि काहीच उत्तर आलं नाही तर लॅपटॉप ‘नो इंटरनेट’ म्हणून गप्प बसतो.

माझा लॅपटॉप गप्प बसला तो डीएनएसमुळे. संकेतस्थळाचं नाव दिलं की त्याचा आकड्यांतला पत्ता शोधून देणाऱ्या सेवेला डीएनएस म्हणतात. घरी फायबरचं कनेक्शन आलं तेव्हा नेट अडखळत होतं, म्हणून लावायला आलेल्या मुलाने माझ्या लॅपटॉपमध्ये हाताने गुगलचा डीएनएस, ८.८.८.८, टाकून दिला. घरी ते सुरळीत चाललं. पण बरीच हॉटेलं नोंदणी होईपर्यंत बाहेरच्या डीएनएसला वाट देत नाहीत. पत्ता त्यांच्याच यंत्राला विचारावा लागतो. माझा लॅपटॉप हट्टाने गुगललाच विचारत होता, उत्तर येत नव्हतं, म्हणून नोंदणीचं पानही येत नव्हतं. फोनच्या हॉटस्पॉटवर अशी आडकाठी नव्हती, म्हणून गच्चीवर सगळं सुरळीत झालं आणि माझा संशय लॉजवरच पक्का झाला.

उपाय मिनिटभराचा होता. विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधून नेटवर्क अँड इंटरनेट, तिथून वाय-फाय, मग हार्डवेअर प्रॉपर्टीज. तिथे डीएनएस सर्व्हर असाइनमेंटसमोर मॅन्युअल दिसलं तर एडिट दाबून ऑटोमॅटिक करा. त्याच पानावर आयपी असाइनमेंट असतं, तेही ऑटोमॅटिक हवं. क्रोममध्ये आणि फायरफॉक्समध्ये सिक्युअर डीएनएसचं वेगळं बटण आहे, अँड्रॉइड फोनमध्ये प्रायव्हेट डीएनएस. तिथे कुणी ठरावीक सेवा नेमून ठेवली असेल तर नोंदणी होईपर्यंत तीही बंद ठेवा.

त्या दिवसापासून गावातली मंडळी असे अडलेले लॅपटॉप माझ्याकडे घेऊन येतात. बहुतेक वेळा दोष हॉटेलात नसतो. घरी किंवा ऑफिसात कुणीतरी चांगल्या हेतूने करून ठेवलेली एखादी सेटिंग बाहेर गेल्यावर आडवी येते. हिंजवडीला जाणाऱ्या एका मुलाच्या कंपनीच्या लॅपटॉपवर व्हीपीएन, म्हणजे कंपनीच्या नेटवर्कशी जोडणारी सुरक्षित वाट, आपोआप सुरू व्हायचं. व्हीपीएनला बाहेर जायला नेट हवं, नेटला नोंदणी हवी, आणि व्हीपीएन नोंदणीचं पान उघडू देत नव्हतं. आधी व्हीपीएन थांबवायचं, नोंदणी करायची, मग व्हीपीएन चालू करायचं, हाच क्रम. कंपनीने ते थांबवायची मुभा ठेवली नसेल तर त्यांच्या आयटी विभागाला निघण्याआधी विचारा, हॉटेलात पोचल्यावर नव्हे. दुसऱ्या एकीच्या लॅपटॉपमध्ये जुन्या नोकरीतला प्रॉक्सीचा, म्हणजे नेटसाठीच्या मध्यस्थ यंत्राचा, पत्ता तसाच राहिला होता. सेटिंग्जमध्ये प्रॉक्सी उघडून तो बंद केला आणि काम झालं.

लॅपटॉपचं घड्याळ मागे असलं तरी असंच होतं. जुन्या मशीनमधला गोल सेल संपला की तारीख कित्येक वर्षं मागे जाते. सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रं ठरावीक मुदतीचीच असतात, त्यामुळे तारीख चुकली की एकेक साइट धोक्याचा इशारा देऊ लागते. नेटला दोष देण्याआधी कोपऱ्यातली तारीख बघा.

नोंदणीचं पान आपोआप आलं नाही तर ब्राउझरमध्ये बँकेची, जीमेलची किंवा पोर्टलची साइट टाकून बघू नका. त्या साइट एचटीटीपीएसवर असतात, मधल्या यंत्राला त्यांत हात घालता येत नाही, आणि त्याने घालायचा प्रयत्न केला की ब्राउझर ‘युवर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’ म्हणून अडवतो. तो इशारा ओलांडून पुढे जायचं नाही. त्याऐवजी मुद्दाम साधी ठेवलेली नेव्हरएसएसएल डॉट कॉम ही साइट उघडा. ती उघडताना नाका तुम्हाला आपल्या पानावर वळवतो. तरीही नाही झालं तर वाय-फायच्या तपशिलात डिफॉल्ट गेटवेचा आकडा असतो, तो ब्राउझरच्या पट्टीत टाकून पाहा.

त्याच तपशिलात आयपीव्ही४ चा पत्ता असतो. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर लॅपटॉपला यंत्राकडून पत्ताच मिळालेला नाही, त्याने स्वतःच एक तात्पुरता घेतला आहे. लग्नसराईत हे हमखास होतं. साध्या राउटरकडे वाटायला जास्तीत जास्त अडीचशेच्या आसपास पत्ते असतात, कित्येकदा त्याहूनही कमी ठेवलेले असतात, आणि सकाळी खोली सोडून गेलेल्या पाहुण्यांच्या फोनांकडे दिलेले पत्ते मुदत संपेपर्यंत अडकून राहतात. वाय-फायचं नाव फॉरगेट करून पुन्हा जोडा. तेवढ्याने भागलं नाही तर काउंटरवर जाऊन ‘नेट चालत नाही’ एवढंच म्हणू नका. “फोनलाही आणि लॅपटॉपलाही आयपी पत्ता मिळत नाही, राउटर एकदा बंद करून चालू करता का?” असं सांगा. नेमकं सांगितलं की माणूस उठतो.

काही ठिकाणी एका खोलीला दोनच यंत्रांची परवानगी असते. नवऱ्याचा आणि मुलाचा फोन आधीच जोडलेला असला की लॅपटॉप बाहेर राहतो. हॉटेलचं यंत्र प्रत्येक लॅपटॉपला त्याच्या मॅक ॲड्रेसवरून, म्हणजे वाय-फायच्या हार्डवेअर पत्त्यावरून, ओळखतं. विंडोजमध्ये रँडम हार्डवेअर ॲड्रेसेस रोज बदलण्यावर ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी तुम्ही त्याच्यासाठी अनोळखी होता आणि पुन्हा नोंदणी मागितली जाते. मुक्काम असेपर्यंत तेवढ्या वाय-फायपुरतं ते बंद ठेवा. परदेशातून आलेल्या आपल्या नातेवाइकांची अडचण वेगळी. त्यांच्या तिकडच्या नंबरवर इथला ओटीपी बहुधा येत नाही. हॉटेलला व्हाउचर मागा, किंवा इथला नंबर असलेल्या घरच्या माणसाने सोबत उभं राहून नोंदणी करून द्यावी.

सुरक्षिततेबद्दल मी कडक आहे, कारण माझ्या लॅपटॉपवर दुसऱ्यांच्या धंद्याची कुलपं आहेत. हॉटेलच्या नावाशी मिळतंजुळतं बनावट वाय-फाय कुणीही उभं करू शकतं, म्हणून नेमकं नाव काउंटरवर विचारूनच जोडा. विंडोजमध्ये ते नेटवर्क पब्लिक प्रकारात ठेवा, म्हणजे शेजारच्या खोलीतल्या लॅपटॉपला आपला दिसणार नाही. नोंदणीच्या पानाने एखादं ॲप किंवा प्रमाणपत्र बसवायला सांगितलं तर तिथूनच मागे फिरा. आणि ओटीपीचा मेसेज पूर्ण वाचा. वाय-फायच्या पानावर नंबर टाकला आणि मेसेज बँकेच्या नावाने आला, तर तो आकडा टाकायचा नाही. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम रोखली जाण्याची शक्यता जास्त. पैशाचं आणि विवरणपत्राचं काम मी आता बाहेरगावी स्वतःच्या फोनच्या हॉटस्पॉटवरच करते. खोलीत रेंज नसेल तर फोन खिडकीत ठेवते. लांब यूएसबी वायरने लॅपटॉपला जोडला की टेदरिंगही होतं आणि फोन चार्जही होत राहतो.

विंडोजमध्ये नेटवर्क रीसेट म्हणून एक बटण आहे. ते शेवटी वापरा. त्याने हाताने घातलेल्या बऱ्याच गोष्टी पुसल्या जातात, पण जपून ठेवलेले वाय-फायचे सगळे पासवर्डही जातात. व्हीपीएनही पुन्हा बसवावं लागू शकतं.

आमच्या भागात घरोघर फायबर लावत फिरणाऱ्या मुलांना माझं एक सांगणं आहे. डीएनएस बदलायचाच असेल तर तो घरच्या राउटरमध्ये बदला, माणसाच्या लॅपटॉपमध्ये नको. लॅपटॉपमध्ये टाकावाच लागला तर काय टाकलं आणि कुठे, ते घरातल्या माणसाला दाखवा, राउटरवर चिठ्ठी चिकटवा. त्या घरातलं कुणीतरी उद्या परीक्षेला, मुलाखतीला किंवा दवाखान्यात बाहेरगावी जाणार असतं, आणि तिथे विचारायला तुम्ही जवळ नसता.