घर घेण्यापूर्वी : रेरा कायद्याची ओळख

आमच्या परिचयातील एका सेवानिवृत्त सभासदांनी काही वर्षांपूर्वी वडोदऱ्यास सदनिका नोंदविली. भविष्य निर्वाह निधीची रक्कम त्यांनी हप्त्याहप्त्याने बिल्डरच्या हवाली केली. हाती आल्या त्या नुसत्या पावत्या. इमारत तिसऱ्या स्लॅबवर थांबली. कागदांची पिशवी घेऊन ते आमच्याकडे आले, तेव्हा तीत बानाखत नव्हतेच. इतरांवर असा प्रसंग येऊ नये, म्हणून २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यातील, म्हणजे लोक ज्यास 'रेरा' म्हणतात त्यातील, उपयोगाच्या गोष्टी येथे सांगत आहोत.

सदनिकांविषयी महाराष्ट्राने १९६३ साली व गुजरातने १९७३ साली कायदे केलेच होते. परंतु केवळ याच कामासाठी नेमलेले प्राधिकरण तेव्हा नव्हते. नवा कायदा १ मे २०१७ पासून पूर्णपणे अमलात आला. आता नोंदणी झाल्यावाचून बिल्डरला जाहिरात करता येत नाही, की नोंदणीची रक्कम घेता येत नाही. मंजूर नकाशे, जमिनीचे कागद, काम पुरे करण्याची तारीख हे सारे प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कोणासही पाहता येते.

या कायद्याचा खरा कणा म्हणजे पैशाची व्यवस्था. पूर्वी एका योजनेचे पैसे दुसऱ्या जमिनीच्या खरेदीत गुंतत आणि पहिली इमारत अर्धवट राही. आता ग्राहकांकडून येणाऱ्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम त्या योजनेच्या स्वतंत्र बँक खात्यात ठेवावी लागते. ती जमीन व बांधकाम यांच्याच खर्चासाठी, आणि काम जितके झाले तितक्याच प्रमाणात काढता येते. त्यासाठी इंजिनिअर, आर्किटेक्ट व चार्टर्ड अकाउंटंट या तिघांचे दाखले लागतात.

दुसरी गोष्ट बानाखताची. नोंदणीकृत करार झाल्याखेरीज किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम मागण्याचा बिल्डरला अधिकारच नाही. "आधी अर्धे भरा, कागद मागाहून करू" असे गोडीने सांगितले जाते. भिडस्त स्वभावाची आमची मंडळी तेथेच फसतात. किंमत कार्पेट क्षेत्रावर, म्हणजे भिंतींच्या आत प्रत्यक्ष वापरता येणाऱ्या जागेवर, विचारावी. सुपर बिल्टअपच्या आकड्यात जिना व लिफ्टही मोजलेली असते, आणि त्यात सतरंजी अंथरता येत नाही!

ठरल्या तारखेस ताबा न मिळाल्यास ग्राहकास दोन वाटा आहेत : योजनेतून बाहेर पडून सव्याज पैसे परत घेणे, किंवा थांबून ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज घेणे. निवड ग्राहकाची. पैसे परत मागण्याचा हा हक्क बिनशर्त आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली स्पष्ट केले. व्याजाचा दरही दोन्ही पक्षांस एकच. ताबा घेतल्यावर पाच वर्षांच्या आत बांधकामात दोष आढळून तो कळविल्यास बिल्डरने तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावयाचा असतो.

मात्र नोंदणी क्रमांक म्हणजे मालकी हक्काची हमी नव्हे. सातबारा व टायटल वकिलाकडून तपासून घ्यावेच. शिवाय जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक नसेल, किंवा सदनिका आठांहून अधिक नसतील, तर नोंदणीची सक्तीच नाही. वाडी, दांडिया बाजार या भागांत जुना वाडा पाडून लहान इमारत उठते, तेथे पुष्कळदा हीच स्थिती असते. तेथे दुप्पट सावधगिरी हवी. मुलगा पुण्यास घर घेत असेल, तर तक्रार महाराष्ट्राच्या प्राधिकरणाकडे जाते, गुजरातच्या नव्हे. जमीन जेथे, तेथील प्राधिकरण.

आमच्या त्या सभासदांनी सर्व हप्ते चेकने दिले होते, एवढेच त्यांचे सुदैव. पावत्या आणि पासबुक यांच्या आधारे त्यांच्या बाजूने निकाल लागला. अशी रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते, पण त्यासाठी कलेक्टर कचेरीत खेटे घालावे लागतात. आजवर निम्मी रक्कम हाती आली आहे. उरलेल्या रकमेसाठी ते अजून दर महिन्यास तेथे जाऊन चौकशी करतात.