परीक्षागृहातील पोलीस

शाळेवर पोलीस अधिकाऱ्याची कायमची नेमणूक करण्याची प्रथा अमेरिकेत 1950च्या दशकात मिशिगन राज्यातील फ्लिंट या शहरी सुरू झाली. भारतात ती रूढ झाली नाही. आपल्याकडे शाळेच्या उंबरठ्याच्या आत पोलीस आला तो मुख्यत्वे परीक्षेच्या निमित्ताने. आणि त्याचा सर्वांत कठोर प्रयोग लखनौच्या राज्य सरकारने 1992 साली केला.

त्यामागील कारण खरे होते, हे प्रथमच नमूद केले पाहिजे. उत्तर प्रदेशाच्या माध्यमिक शिक्षण मंडळाच्या परीक्षांत कॉपी हा उघड व्यवहार झाला होता. खिडक्यांतून उत्तरे पुरविली जात; हरकत घेणाऱ्या पर्यवेक्षकाला केंद्राबाहेर गाठून धमकावले जाई. कल्याणसिंह यांच्या मंत्रिमंडळात राजनाथसिंह शिक्षणमंत्री होते. मिर्झापूरच्या महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकविलेल्या या गृहस्थांना रोगाची ओळख दुसऱ्याने करून देण्याची गरज नव्हती. त्यांनी आणलेल्या कायद्याने कॉपी हा दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा ठरला आणि पोलिसांना परीक्षेच्या दालनात जाण्याची मुभा मिळाली. पकडलेल्या विद्यार्थ्यांची रवानगी तुरुंगात होऊ लागली. काहींच्या हातांत बेड्याही पडल्या.

त्या वर्षी दहावीच्या परीक्षेत सुमारे 15 टक्के विद्यार्थी उत्तीर्ण झाले, तर बारावीत सुमारे 30 टक्के. आदल्या वर्षी दहावीत निम्म्याहून अधिक मुले उत्तीर्ण झाली होती. कायद्याच्या पुरस्कर्त्यांनी या घसरणीत प्रामाणिकपणाचा विजय पाहिला. परंतु या आकड्याचा आणखी एक अर्थ होतो, आणि तो अधिक अस्वस्थ करणारा आहे : वर्षानुवर्षे वर्गांत जे शिकविले गेलेच नव्हते, त्याचा हिशेब एका उन्हाळ्यात मुलांकडून वसूल करण्यात आला. शिपाई चिठ्ठी हिसकावून घेऊ शकतो. बीजगणित शिकवू शकत नाही.

कायद्याच्या दृष्टीनेही येथे विसंगती होती. दहावीचा विद्यार्थी साधारणतः पंधरा-सोळा वर्षांचा असतो. 1986च्या बालन्याय कायद्यानुसार सोळा वर्षांखालील मुलगा आणि अठरा वर्षांखालील मुलगी अल्पवयीन समजली जात असे, व अशा मुलांना तुरुंगात वा पोलीस कोठडीत ठेवण्यास मनाई होती. बेड्यांचा वापर ही अपवादात्मक बाब असावी, असे सर्वोच्च न्यायालयाने 1980 सालीच प्रेमशंकर शुक्ला खटल्यात बजावले होते. तेव्हा प्रौढ आरोपीलाही जे सहसा करू नये, ते येथे एका कागदाच्या कपट्यापायी मुलांच्या वाट्याला आले.

याहून सूक्ष्म अशी हानी शिक्षकाची झाली. कॉपी पकडणे, उत्तरपत्रिका काढून घेणे, प्रसंगी मुलाला कठोर शब्दांत समज देणे, हा त्याच्या अधिकाराचा भाग. दारात शिपाई उभा राहिला की शिक्षक केवळ फिर्यादी उरतो. मुलाला तुरुंगात धाडावे की डोळेझाक करावी, एवढेच दोन मार्ग त्याच्यापुढे राहतात. तोच शिक्षक सायंकाळी एकटा घरी परततो तेव्हा रस्त्यावर मात्र त्याला खरोखर पोलिसाची गरज असते.

पुढील निवडणुकीत हा कायदा प्रचाराचा मुद्दा झाला. 1993च्या डिसेंबरात सत्तेवर आलेल्या मुलायमसिंह यादव यांच्या सरकारने तो रद्द केला. यादव हेही मूळचे शिक्षकच. मैनपुरी जिल्ह्यातील करहल येथे ते शिकवीत असत. दोन शिक्षकांपैकी एकाने पोलिसाला वर्गात बोलावले आणि दुसऱ्याने बाहेर धाडले. वर्गात शिकविण्याचा प्रश्न दोन्ही वेळा बाजूलाच राहिला.

महाराष्ट्रात परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्ध 1982 पासून कायदा आहे. येथे केंद्राच्या फाटकावर पोलिसांचा बंदोबस्त असतो, वर्गात मात्र शिक्षण खात्याचे भरारी पथक जाते. केंद्र सरकारने 2024 साली आपल्या अखत्यारीतील भरती व प्रवेश परीक्षांसाठी केलेल्या कायद्यात प्रश्नपत्रिका फोडणाऱ्या टोळ्यांना दहा वर्षांपर्यंत कारावास आणि किमान एक कोटी रुपये दंड सांगितला आहे. परीक्षार्थी त्या शिक्षेच्या कक्षेत येत नाही. त्याच्यावरील कारवाई परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या नियमांनुसार होते.