भाजलेल्या जागेवर हळद नको, पाणी हवें

माघ-फाल्गुनांत नांदेड जिल्ह्यांतील अर्धापूर, मुदखेड, भोकर या भागांत हळद शिजूं लागते. पुष्कळ ठिकाणीं कढईची जागा आतां वाफेच्या बॉयलरनें घेतली आहे. पण वाफ आणि उकळतें पाणी तेंच. लातूरकडे ऊसवाल्या गांवीं गुऱ्हाळ लागलें कीं उकळत्या पाकाची भर पडते. अशा वेळीं कोणी भाजलें तर घरांतील पहिला हात हळदीच्या डब्याकडे जातो. ज्या पिकावर अनेकांचा प्रपंच चालतो त्याविरुद्ध लिहिणें आम्हांस अवघड वाटतें; तथापि सांगितल्यावांचून गत्यंतर नाहीं.

भाजणारी वस्तु दूर झाली म्हणजे भाजणें थांबलें असें नव्हे. कातडींत शिरलेली उष्णता आंतआंत जात राहते. ती काढून घेण्याचें काम थंड पाणीच करतें. तेव्हां ताबडतोब भाजलेल्या जागेवर २० मिनिटें साध्या पाण्याची धार धरावी. आरंभीं उशीर झाला असल्यास ३ तासांच्या आंत केलेला हा उपाय देखील उपयोगी पडतो. बर्फ लावूं नये; त्यानें कातडीस नवी इजा होते. सूज चढण्यापूर्वीं बांगड्या, अंगठ्या, जोडवीं काढावीं. कपडा चिकटला असेल तर ओढूं नये. गुळाचा पाक ११५ अंशांहून अधिक तापलेला असतो व कातडीस धरून बसतो. तो खरवडण्याच्या भरीस न पडतां त्यावरच पाणी ओतावें, म्हणजे विरघळून जातो. लहान मुलाची भाजलेली जागा तेवढी थंड करावी, बाकीचें अंग पांघरुणांत ठेवावें.

वीस मिनिटें पाणी ओतणें म्हणजे उधळपट्टी, असें आमच्याकडे वाटणें साहजिक आहे. २०१६ सालीं लातूरला मिरजेहून रेल्वेनें पाणी आणावें लागलें, हें कोण विसरेल? पण येथें काटकसर महाग पडते. पाणी कमीच असेल तर हात स्वच्छ बादलींत बुडवून ठेवावा, किंवा ओला फडका वरचेवर बदलावा. तें पाणी मागाहून झाडास घालतां येतें.

आतां इजा किती खोल, हें ओळखावयाचें. कातडी लाल, दुखरी, पण फोड नाहींत, तर इजा वरवरची. ती बहुधा आठवड्याभरांत बरी होते. फोड आले, खालची जागा ओलसर व अतिशय दुखरी असली, तर ती मधली. आणि कातडी पांढरी, तपकिरी वा काळी, चामड्यासारखी होऊन दुखणेंच थांबलें, तर ती सर्वांत वाईट. दुखत नाहीं म्हणून पुष्कळ लोक निश्चिंत होतात. तेथेंच घात होतो, कारण वेदना कळविणारे तंतूच जळालेले असतात. हळद, शाई, तूप किंवा दंतमंजन लावलें कीं हा रंगच झांकला जातो, डॉक्टरांना तो लेप खरडून काढावा लागतो, आणि जखम दूषित होण्याची भीति वाढते.

फोड फोडूं नयेत. स्वच्छ धुतलेलें सुती कापड सैलसर झांकावें. कापूस मात्र लावूं नये, त्याचे तंतू जखमेंत अडकतात.

भाजलेल्या माणसाचा बोटांसह पंजा म्हणजे त्याच्या शरीराचा सुमारें १ टक्का भाग. फोडांची जागा त्याहून मोठी असेल, इजा खोल असेल, किंवा तोंड, हात, पाय, सांधा अथवा गुप्तांग भाजलें असेल, तर १०८ क्रमांकास कळवून दवाखाना गांठावा. लहान मूल, वृद्ध, धूर कोंडलेला मनुष्य यांच्या बाबतींत विचारच नको. नांदेडास विष्णुपुरी येथें डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, तर लातुरास विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. धनुर्वाताच्या सुईबद्दल अवश्य विचारावें.

मोटारीच्या स्टार्टरनें भाजल्यास आधीं वीज बंद करावी, मगच माणसास हात लावावा. बाहेरची खूण लहान दिसली तरी आंतील इजा मोठी असूं शकते. बिब्ब्याचें तेल लागल्यास फोड येण्याची वाट न पाहतां साबणानें लगेच धुवावें.